रत्नाकाकूंची पंजाबी

लग्नानंतर सहा महिन्यांनी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये, मी चंडीगडला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत राष्ट्रभाषेच्या परीक्षांची तीन प्रमाणपत्रं होती. प्रबोध, प्रवीण आणि पंडित. पंडितला मी ठाणे केंद्रात पहिली आले होते. आणि ही पंडिता पहिले दोन महिने भाजीच्या रेहडीसमोर, म्हणजे हातगाडीसमोर, तोंड शिवून उभी राहायची आणि बोटानं दुधी दाखवायची. लौकी 'अच्छी' म्हणायची की 'अच्छा', याचा मनाशी निकाल लागेपर्यंत रेहडीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असे. चूक होण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असा माझा बाणा होता. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे चूक म्हटलं की मला अजूनही छडी दिसते.

आम्ही राहायचो सेक्टर एकवीसमध्ये, एका दुमजली घराच्या गच्चीवर. एक खोली आणि पत्र्याचं स्वयंपाकघर, त्याला तिकडे बरसाती म्हणत. तळमजल्यावर घरमालकीण बीजी, म्हणजे हरबंस कौर, त्यांचा मुलगा अमरीकसिंग आणि सून. मधल्या मजल्यावर कृष्णकांत माने आणि त्यांच्या पत्नी रत्नप्रभा. माझे यजमान मोहन आणि मानेकाका एकाच केंद्रीय कार्यालयात होते, नद्यांचं पाणी मोजायचं काम. ही जागा आम्हाला मान्यांनीच मिळवून दिली होती. खरं तर रत्नाकाकूंनी. बीजींना त्यांनी सांगितलं होतं की माझी भाची येतेय. मी त्यांच्या नात्यातली ना गोत्यातली. हे मला कळलं तेव्हा मी म्हटलं, "काकू, खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठलं? भाचीला पंजाबीत काय म्हणतात ते ठाऊक होतं, शेजारणीला काय म्हणतात ते न्हवतं," काकू म्हणाल्या.

काकू इस्लामपूरच्या. बुटक्या, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की खालच्या फाटकातून हाक मारली तर गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांनाही ऐकू जावी. तिकडच्या बायकांसारख्या त्या 'मी येतो, मी जातो' म्हणत. मी ठाण्याची, मला ते पहिल्यांदा ऐकून हसू आलं. त्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. काही मनाला लावून न घेणं हा त्यांचा मोठा गुण होता, आणि कधीकधी त्याचा मला रागही येई. माणसानं थोडं तरी लाजावं की नाही!

त्या सातवी शिकलेल्या. चंडीगडला येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि त्या पंजाबी बोलत. म्हणजे, त्यांना तसं वाटे. त्यात निम्मे शब्द इस्लामपूरचे असत, उरलेल्यांतले काही हिंदी, काही हातवारे, आणि मधूनमधून एखादा अस्सल पंजाबी शब्द. पण अडत काही नसे. बसचा कंडक्टर, दूधवाला, गुरुद्वाऱ्यातले भाई, गॅसवाला, सगळ्यांशी त्या त्याच भाषेत बोलत आणि सगळे त्यांना उत्तर देत. मी एकदा म्हटलं, "काकू, नीट शिकून मग बोला ना." तर म्हणाल्या, "अगं, पोहायला शिकून मग विहिरीत उतरतंय का कोण? दुसऱ्याच्या घरी गेल्यावर चप्पल कुठं काढायची ते आपण विचारतो का न्हाई? मग बोलायचं कसं ते बी विचारायचं. चुकलं तर सांगतील की."

त्यांची शाळा म्हणजे कोपऱ्यावरचा तंदूर. संध्याकाळी सेक्टरातल्या बायका परातीत मळलेली कणीक घेऊन तिथे जमत आणि तंदूरवाली रोट्या लावून देई. रोट्या होईपर्यंत गप्पा. काकूंच्या घरी गॅस होता, तवा होता, तरीही त्या रोज कणीक घेऊन जायच्या, त्या गप्पांसाठी. एकदा गावाहून ज्वारीचं पीठ आलं. काकूंना वाटलं, या बायकांना भाकरी खाऊ घालावी. त्यांनी ज्वारी मळून नेली आणि तंदूरवालीला सांगितलं, लाव. ज्वारीची भाकरी उभ्या तंदूरला चिकटून राहील का? पाचच्या पाच भाकरी एकामागून एक निखाऱ्यात पडल्या. तंदूरवाली कपाळावर हात मारून घेत होती, बायका हसून हसून लोळायच्या बेतात होत्या, आणि काकू त्या सगळ्यांहून मोठ्यानं हसत होत्या. मी असते तर त्या कोपऱ्यावर वर्षभर पाऊल टाकलं नसतं. काकूंनी त्या संध्याकाळी सात नवे शब्द शिकून घेतले, त्यातले दोन शिव्या होत्या.

महाराष्ट्र मंडळात त्यांची चेष्टा होई. गणपतीत, हळदीकुंकवाला चंडीमंदिरच्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायका येत. त्या इंग्रजीत बोलत आणि नोकराशी हिंदीत. एक कर्नलीणबाई म्हणाल्या होत्या, "दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगसाठी काय त्यांची भाषा शिकायची? पुढच्या वेळी आसाम आलं तर?" त्यात तथ्य होतं, आणि मला तर ते फार पटलं, कारण त्यात काहीच करावं लागत नव्हतं. आणि एक करमणूक आम्हा सगळ्यांचीच होती. सतरा सेक्टरच्या बाजारात दुकानदाराच्या तोंडावर मराठीत बोलायचं. "लबाड आहे मेला, चल पुढे." त्याला काय कळतंय! परमुलुखात आपली भाषा म्हणजे कुणाला न दिसणारी खोली, आत शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. मी तर त्या खोलीतच राहत होते.

काकूंना मात्र हे मुळीच खपत नसे. बीजींच्या समोर तर नाहीच. बीजी खाटेवर बसलेल्या असताना मी चुकून मराठीत काही बोलले तर काकू लगेच मला पंजाबीत उत्तर देत, मग ते मला कळो न कळो. घरी गेल्यावर म्हणत, "म्हातारं माणूस समोर बसलंय. त्याला वाटणारच, आपल्याबद्दल बोलत्यात."

बीजींचं आणि त्यांचं काय जमलं होतं ते मला आजही पुरतं सांगता येणार नाही. बीजी सत्तरीच्या, फाळणीत लायलपूरहून आलेल्या, उंच, सावकाश बोलणाऱ्या. हिवाळ्यात दुपारी मागच्या अंगणात ऊन येई. तिथे दोघी वाटाणे सोलत, स्वेटर विणत, भुईमुगाच्या शेंगा खात बसायच्या. मी गच्चीच्या कठड्यावरून बघायची. पिवळं ऊन, शेंगांच्या टरफलांचा ढीग, बीजींचा 'रत्ना पुत्त' असा आवाज. काकू चाळिशी ओलांडलेल्या, मुलगा सांगलीला कॉलेजात, आणि बीजी त्यांना 'पुत्त' म्हणत, म्हणजे लेकरू. काकूंनी बीजींनाही मराठी शिकवायला घेतली होती. मी जिना उतरताना दिसले की बीजी विचारत, "जेवलीस का?" त्यातला 'ली' त्या ओळखू येऊ नये इतका लांबवत, पण मला गलबलून येई. घर सोडल्यापासून माझी चौकशी मराठीत करणारी ती पहिली परकी बाई होती. ती दुपार, ते ऊन मला आज इतक्या वर्षांनी ठाण्यातल्या बाल्कनीत बसून आठवतं तेव्हा वाटतं, त्या वेळी मी खाली उतरून त्यांच्यात बसायला हवं होतं. कठड्यावरून बघत काय राहिले?

१९८४ च्या जूनमध्ये अमृतसरला सुवर्णमंदिरात फौज शिरली. आमच्याकडे कर्फ्यू लागला. बीजींनी दोन दिवस चूल पेटवली नाही. काकू दोन्ही दिवस खाली जाऊन त्यांच्याजवळ बसल्या. ते दिवस उलटले. अमरीकसिंग कमी बोलायला लागले, मानेकाकांशी गच्चीवर पत्ते खेळायचं त्यांनी बंद केलं, पण दुपारचं अंगण चालूच राहिलं.

मग ऑक्टोबरचा शेवटचा दिवस आला. पंतप्रधानांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून बातम्या यायला लागल्या. रेडिओवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच, शिखांची घरं जाळताहेत. चंडीगडमध्ये दिल्लीसारखं काही घडलं नाही, हे आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात होते. बीजी वर आल्या होत्या. त्यांचा भाऊ दिल्लीला टॅक्सी चालवायचा, त्याचा काही पत्ता नव्हता, ट्रंक कॉल लागत नव्हता. काकूंनी चहा केला होता. बीजी कप हातात धरून नुसत्या बसल्या होत्या, पीत नव्हत्या.

आणि मी बोलले. मला माझ्या खोलीत शिरायची सवय होती ना! मी काकूंना मराठीत म्हटलं, आवाज खाली आणून, "काकू, सरदारांच्या घरात राहतो म्हणून आपणही जळायचं का? फाटकावर आपल्या नावाची पाटी लावूया. म्हणजे लोकांना कळेल, वर कोण राहतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पंजाबीत काहीतरी बोलतील, नेहमीसारखं. पण त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते. त्या मराठीत म्हणाल्या, "हां. लावूया. ह्यांना सांगतो मी."

बीजींना मराठी 'जेवलीस का'पलीकडे येत नव्हती. पण 'सरदार' हा शब्द काही भाषांतर करून घ्यावा लागत नाही. आणि खाली आणलेला आवाज तर नाहीच. त्यांनी कप जमिनीवर ठेवला, भिंतीला धरून उठल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "आप लोग बात कीजिए बहनजी, मैं चलती हूँ।"

रत्ना पुत्त नाही. बहनजी. आणि आप.

संध्याकाळी मानेकाकांनी फाटकावर पाटी लावली. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत, 'के. बी. माने, पहली मंज़िल'. खाली आमचंही नाव होतं, 'मोहन दातार, बरसाती'. ते माझ्याच हस्ताक्षरात होतं, पंडित परीक्षेला शाबासकी मिळालेल्या हस्ताक्षरात. तीन दिवस ती पाटी तिथे होती. चौथ्या दिवशी सकाळी काकूंनी स्वतः जाऊन ती उपटली आणि बंबात घातली. आठवड्यानं बीजींच्या भावाचा निरोप आला. तो वाचला होता, केस कापून. टॅक्सी जळाली होती.

त्यानंतर सबंध हिवाळा बीजी काकूंशी हिंदीत बोलल्या. भांडण नाही, अबोला नाही. काकू खाली गेल्या की 'आइए, बैठिए'. चहा होई. तब्येतीची चौकशी होई. मात्र सगळं हिंदीत, रेडिओवरच्या बाईसारखं औपचारिक, आणि अर्ध्या तासात काकू उठून येत. त्या पंजाबीत बोलत राहिल्या आणि बीजी हिंदीत उत्तर देत राहिल्या. बीजींना हिंदी फारशी जमतही नसे, अडखळत, पण सोडत नसत. मला जिन्यात भेटल्या तर 'जेवलीस का' नाही, 'ठीक हो बेटी?'

जानेवारीत संक्रांत आली. आमची संक्रांत आणि त्यांची लोहडी लागोपाठच्या दिवशी, दोन्हीकडे तीळ आणि गूळ. काकू तिळाच्या वड्या घेऊन गेल्या आणि परत आल्या त्या थेट माझ्या खोलीत. पलंगावर बसून रडायला लागल्या. रत्नाकाकू! "तिळगूळ घेतला गं. गोडच बोलल्या. पण हिंदीत." मी त्यांना पाणी दिलं. चूक माझी होती आणि त्या एकदाही मला तसं म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये मानेकाकांच्या बदलीचा कागद आला. भोपाळ. तीन आठवड्यांत हजर व्हायचं. घरात खोकी आली, सुतळी आली. काकू भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि गुंडाळता गुंडाळता थांबत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "असं हिंदीत निरोप घेऊन न्हाई जायचं मला. त्या दिवशी आपण काय बोललो ते बीजींना सांगणार आहे मी. पंजाबीत."

मी हादरलेच. "काकू, कशाला? त्यांना कळलं नाहीये. माहीत नसलेलं दुखणं कशाला उकरायचं?"

"कळलं न्हाई हेच दुखणं आहे," काकू म्हणाल्या.

मग चार-पाच दिवस त्या ते वाक्य जुळवत होत्या. एरवी शब्द अडला की तंदूरवर विचारायची सोय. हे कुणाला विचारणार? 'सरदारांच्या घरात राहतो म्हणून आपणही जळायचं का' हे पंजाबीत कसं म्हणायचं, असं त्या बायकांना विचारायचं? भांडी पुसताना त्यांचे ओठ हलत. मध्येच हात झटकत, पुन्हा सुरुवात करत. ज्या बाईनं आयुष्यात कधी बोलण्याआधी विचार केला नाही, ती माझ्यासारखी झाली होती. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी एका दुपारी त्या वर आल्या आणि माझा हात धरला. "चल. वाक्य तुझं होतं, तोंड माझं आहे. पण तू समोर पाहिजेस."

बीजी अंगणात खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर परात, परातीत वाटाणे. "आइए बहनजी," त्या म्हणाल्या. काकू खाटेवर बसल्या नाहीत, खाली फरशीवर बसल्या. मी भिंतीशी उभी राहिले.

"बीजी, मैं कुझ दस्सणा ऐ," काकूंनी सुरुवात केली. मला काही सांगायचं आहे. आणि मग त्या सांगत गेल्या. त्यांची ती पंजाबी मी कशी लिहून दाखवू? नोव्हेंबरात तुमच्यासमोर आम्ही मराठीत बोललो. तुमचा भाऊ सापडत नव्हता, तुम्ही चहा पीत नव्हता, आणि आम्ही म्हणालो की हे सरदारांचं घर आहे, लोक जाळायला आले तर आम्ही पण जळू. म्हणून पाटी लावली. लोकांना समजावं की वर दुसरे राहतात. वरच्यांना सोडतील म्हणून. मग म्हणाल्या, "वरच्यांना सोडतील म्हणजे खालच्यांना धरतील, ते आम्हाला कळत होतं, बीजी. कळत असून लावली." डोळे पुसत नव्हत्या, नुसतं बोलत होत्या. "मैं बोली सी," त्या म्हणाल्या. मी बोलले होते. सगळं मीच.

वाक्य माझं होतं असं म्हणून त्या मला घेऊन आल्या होत्या आणि आता सगळं स्वतःच्या अंगावर घेत होत्या. भिंतीशी उभी राहून मी ते ऐकत होते, आणि एका क्षणी ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "नहीं बीजी. काकू ने नहीं. मैं बोली सी. पाटी की बात मेरी सी." त्यातलं काय हिंदी, काय पंजाबी, 'पाटी' तर सरळ मराठीच. पंडितच्या परीक्षकांनी पेपर फेकून दिला असता. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही, हे पुष्कळ नंतर माझ्या लक्षात आलं.

"पण 'लावूया' मी म्हणालो," काकू मराठीत मला म्हणाल्या, आणि लगेच तेच बीजींना पंजाबीत सांगितलं.

बीजींनी परात बाजूला ठेवली. शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. मला वाटलं, आता त्या उठतील आणि आत जाऊन दार लावून घेतील, आणि ते बरोबरच होईल.

"जून विच," बीजी म्हणाल्या. पंजाबीत. काकूंनी मान वर केली.

जूनमध्ये तू माझ्याकडे आली होतीस, बीजी म्हणाल्या. आमच्या घरी दोन दिवस चूल नव्हती. तू भात घेऊन आलीस, आंबट वरण घेऊन आलीस. इथेच बसली होतीस. तू माझ्या ताटात भात वाढत होतीस तेव्हा अमरीक आला. तुझ्यासमोर तो मला म्हणाला, यांना सांग, घर रिकामं करा. आपल्या घरात आता हे नकोत. आणि मी म्हणाले, चांगलं. दिवाळी झाली की सांगते.

"तू वाढतच होतीस," बीजी म्हणाल्या. "आम्ही भरभर बोललो. तुला इतकं भरभर कळत नाही, ते आम्हाला माहीत होतं."

मी काकूंकडे पाहायचं टाळलं.

दिवाळी झाली, बीजी पुढे सांगत राहिल्या, आणि मी सांगणार तेवढ्यात ते सगळं घडलं. मग मला वाटलं, वर हिंदू आहेत तेच बरं. तुमची पाटी अमरीकनं वाचून दाखवली तेव्हा मला राग नाही आला, पुत्त. मी म्हटलं, असू दे, कुणी जाळायला आलं तर वर हिंदू राहतात हे वाचून निदान थांबतील. तू ती काढलीस त्या रात्री मला भीती वाटली. मग तुझ्याशी पंजाबीत कशी बोलू? माझ्या भाषेत बोलले असते तर हे तोंडातून निघालं असतं. हिंदीत मला गप्प राहता येत होतं.

त्या 'पुत्त' म्हणाल्या होत्या. माझ्या ते कानावर पडलं आणि मी रडायला लागले, उगाचच, कारण मला त्या बोलल्याच नव्हत्या. काकू मात्र रडत नव्हत्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. एक जूनपासून आणि दुसरी नोव्हेंबरपासून, एका जिन्यानं जोडलेल्या दोन घरांत दोन बायका एकसारखीच गोष्ट पोटात घेऊन वावरत होत्या, आणि मी कठड्यावरून बघून समजत होते की एकीचं चुकलंय आणि दुसरी रागावली आहे.

"बीजी," काकू शेवटी म्हणाल्या, "अमरीक नेमकं काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांगा. मला त्या दिवशी कळलं नव्हतं."

बीजींनी ते सांगितलं, अमरीकसिंग बोलले असतील तसं, भरभर, दबक्या आवाजात. काकूंना कळलं नाही.

"हौली बोलो, बीजी," त्या म्हणाल्या. हळू सांगा.

मग बीजींनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. इन्हां नूं कह दे. मकान ख़ाली कर देण. आणि रत्नाकाकू फरशीवर बसून, नवं काही शिकताना म्हणायच्या तसं, प्रत्येक शब्द त्यांच्यामागून म्हणत गेल्या. दोनदा चुकल्या. दोन्ही वेळा बीजींनी त्यांचा उच्चार दुरुस्त केला आणि पुन्हा म्हणायला लावला.